कराचीची भावंडं, लंडनचा ताल, मुंबईचा बाजार

१९८२ साली 'द्वारका' नावाची आगबोट कायमची थांबली. ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीची ही बोट १९४७ पासून मुंबई, कराची, मस्कत आणि पुढे आखातातल्या बंदरांच्या फेऱ्या मारत होती. ट्रंका आणि बोचकी उशाला घेऊन, डेकवर पथाऱ्या टाकून माणसं जायची. कोकणातल्या, विशेषतः रत्नागिरीकडच्या कितीतरी घरांतल्या पुरुषांनी या कंपनीच्या बोटींवर खलाशी म्हणून उमेदीची वर्षं काढली. फाळणीनंतरही मुंबईहून सुटलेली ही बोट कराचीला लागायची आणि मग मस्कतच्या काळ्या डोंगरांसमोर नांगर टाकायची. रिझर्व्ह बँकेने खास आखातासाठी १९५९ मध्ये काढलेला रुपया ओमानमध्ये १९७० पर्यंत चालत होता, यावरून या पाण्यावरची ये-जा किती जुनी आणि किती घरोब्याची होती ते कळतं.

बोट थांबण्याच्या आदल्याच वर्षी मुंबई, कराची आणि मस्कत या तिन्ही शहरांत पोहोचणारी एक नवी गोष्ट बाजारात आली होती. 'डिस्को दीवाने' नावाची ती एक ध्वनिमुद्रिका. गाणारी दोन भावंडं, नाझिया आणि झोहेब हसन. जन्म कराचीचा, वाढ बरीचशी लंडनची. संगीतकार बिद्दू हा बंगळुरूचा, लंडनमध्ये स्थायिक झालेला. तबकडी काढणारी कंपनी एचएमव्ही, तिचा कारखाना कोलकात्याजवळ दमदमला. आणि बाजार मुंबईचा. पाकिस्तानात या संगीताला पाकिस्तानी पॉपची सुरुवात म्हणतात, भारतात बॉलिवूडच्या डिस्कोयुगातला एक टप्पा म्हणतात, आणि इंग्लंडमध्ये राहणारे आपले लोक त्याला ब्रिटिश आशियाई संगीताच्या खात्यात टाकतात. तिघांचंही म्हणणं अपुरं आहे. परगावी पोट भरायला गेलेल्या माणसांच्या वाटेवर हे गाणं जन्मलं आणि त्याच वाटेने ते घरोघर गेलं.

सुरुवात बिद्दूपासून करायला हवी. बिद्दू अप्पय्या यांचा जन्म १९४५ चा, कुर्ग भागातल्या कोडवा कुटुंबातला. बंगळुरूमध्ये 'ट्रोजन्स' नावाच्या बँडमध्ये ते गिटार वाजवत, इंग्रजी गाणी गात. पुढे मुंबईत आले. इथल्या हॉटेलांत वाजवून जम बसला असता, पण त्यांना बीटल्सच्या गावी जायचं होतं. १९६७ मध्ये मध्यपूर्वेतून मजल दरमजल करत, वाटेत गाऊन खर्च भागवत ते लंडनला पोहोचले. तिथे वर्षानुवर्षं किरकोळ कामं केली, गाणी बनवली, ती पडली. मग १९७४ मध्ये जमैकन गायक कार्ल डग्लस याच्यासाठी त्यांनी एक तबकडी केली. मुख्य बाजूचं गाणं झालं, स्टुडिओचा थोडा वेळ उरला, म्हणून मागच्या बाजूसाठी घाईघाईत एक गाणं मुद्रित केलं. ते होतं 'कुंग फू फायटिंग'. कंपनीने तेच पुढच्या बाजूला घेतलं. इंग्लंड आणि अमेरिका दोन्हीकडे ते पहिल्या क्रमांकावर गेलं. १९७६ मध्ये टीना चार्ल्सचं 'आय लव्ह टू लव्ह' हे त्यांनीच निर्मिलेलं गाणं पुन्हा इंग्लंडात पहिलं आलं. म्हणजे हिंदी सिनेमाने त्यांना बोलावलं तेव्हा बिद्दू डिस्कोचे नक्कलकार नव्हते. युरोपात डिस्कोला जी घडण मिळाली, ती घडवणाऱ्यांपैकी ते एक होते. हे आपल्याकडे फार कमी लोकांना ठाऊक आहे आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं.

बोलावणारा माणूसही बंगळुरूचाच. फिरोज खान यांचा जन्म तिथलाच, १९३९ चा. त्यांच्या 'कुर्बानी' या चित्रपटाचं संगीत कल्याणजी-आनंदजींकडे होतं, पण एक गाणं खानांना लंडनच्या धर्तीचं हवं होतं. त्यासाठी ते बिद्दूंकडे गेले. आवाज मात्र अजून सापडलेला नव्हता. लंडनमधल्या एका घरगुती मेजवानीत तो सापडला. चित्रपटाच्या नायिका झीनत अमान यांची हसन कुटुंबाशी ओळख होती. शाळकरी नाझिया, जन्म ३ एप्रिल १९६५ चा, कराचीच्या टीव्हीवर लहान मुलांच्या 'संग संग चलें' या कार्यक्रमात भावासोबत गायलेली होती, पण पार्श्वगायनाचा गंधही नव्हता. तिच्याकडून चाचणी घेतली गेली. इंदीवर यांच्या शब्दांवर 'आप जैसा कोई' लंडनमध्ये मुद्रित झालं.

इथे थोडं थांबून ते गाणं नेमकं कसं तयार झालं ते पाहू, कारण सगळ्या गोष्टीचं मूळ तिथे आहे. त्या काळी मुंबईत सिनेमाचं गाणं म्हणजे एक सोहळा असे. ताडदेवचं फिल्म सेंटर, महालक्ष्मीचं फेमस, वांद्र्याचं मेहबूब अशा ठिकाणी सकाळपासून वादक जमत. व्हायोलिनवाल्यांच्या रांगा, त्यांत गोव्याचे ख्रिस्ती वादक मोठ्या संख्येने, पारशी वादक, ढोलकी-तबल्याला मराठी हात. अरेंजर नोटेशनचे कागद वाटे. तालमी होत. मग गायिका काचेच्या खोलीत उभी राही आणि सगळे मिळून एकदम वाजवत. एखाद्याचा सूर घसरला की सगळं पुन्हा पहिल्यापासून. त्यात एक जिवंतपणा होता, पण ठेका असा घट्ट बसत नसे. परळच्या राजकमलमध्ये मंगेश देसाईंसारखा ध्वनिमुद्रणातला जाणकार बसलेला असला तरी हातात जे आलंय त्यातूनच त्याला तोल साधावा लागे.

लंडनची पद्धत वेगळी. तिथे चोवीस वेगवेगळ्या पट्ट्यांवर ध्वनी साठवणारं यंत्र होतं. आधी ड्रमचा एकसारखा ठोका आणि बास गिटार, तेवढंच. ते मनासारखं झालं की त्यावर गिटारचा कट, मग कीबोर्ड, मग तंतुवाद्यांचे छोटे फटकारे. गायकाला सगळ्यात शेवटी बोलवायचं. प्रत्येक गोष्ट वेगळी पुसता येते, वेगळी वाढवता येते. 'आप जैसा कोई' लावून पाहा: पायाशी चालणारा ठोका गाणंभर तसूभरही हलत नाही, बास त्याच्याभोवती फिरत राहतो, आणि नाझियाचा आवाज दुहेरी असल्यासारखा येतो, किंचित घुमलेला. तो आवाज कोवळा, थोडा नाकातला. त्यात हरकती नाहीत, मुरकी नाही. तीस वर्षं लता-आशांच्या तयारीवर पोसलेल्या कानांना ही मुलगी कच्ची वाटायला हवी होती. ती कच्ची होतीच. पण ठोक्याच्या इतकी आत बसली होती की तो कच्चेपणाच त्या गाण्याचा गोडवा झाला.

जून १९८० मध्ये 'कुर्बानी' लागला. कल्याणजी-आनंदजींची 'लैला ओ लैला'सारखी गाणी त्यात होती आणि तीही गाजली, पण रस्त्यावर जे ऐकू यायला लागलं ते लंडनहून आलेलं गाणं. पुढच्या वर्षी फिल्मफेअरचा सर्वोत्कृष्ट पार्श्वगायिकेचा पुरस्कार नाझियाला मिळाला. तो मिळवणारी ती सर्वांत लहान गायिका आणि पहिली पाकिस्तानी. लोकांनी नाकं मुरडली असतील, पण पुरस्काराची बाहुली पंधरा वर्षांच्या मुलीच्या हातात होती.

'कुर्बानी'ची ध्वनिमुद्रिका पॉलिडॉरने काढली होती. तिच्या यशाने इतर कंपन्यांचे कान टवकारले नसते तरच नवल. पुढची तबकडी एचएमव्हीकडून आली आणि तिच्यात सिनेमाच नव्हता. नायक नाही, नायिका नाही, कथेतला प्रसंग नाही. दोन भावंडं आणि त्यांची गाणी, एवढंच. झोहेब हा नाझियाहून वर्षा-दीड वर्षाने लहान. शाळेत जाणाऱ्या या पोराने काही चाली स्वतः बांधल्या होत्या, आणि काही ठिकाणी त्याचा आवाज बहिणीच्या आवाजाला आधार देतो. १९८१ मध्ये 'डिस्को दीवाने' मुंबईत आली आणि दुकानांतून भराभर संपली. विक्रीचे मोठमोठे आकडे सांगितले जातात, त्यांत मी शिरत नाही. दोन गोष्टी निर्विवाद आहेत. भारतात हिंदी पॉपची तबकडी सिनेमाच्या कुबडीशिवाय इतक्या मोठ्या प्रमाणावर तोवर खपली नव्हती. आणि दक्षिण अमेरिकेपर्यंत तिची ख्याती गेली. 'ड्रीमर दीवाने' ही इंग्रजी आवृत्तीही निघाली.

यावर मराठी वाचकाने एक सूक्ष्म दुरुस्ती जरूर करावी. 'सिनेमाबाहेरचं पहिलं लोकप्रिय गाणं' असं 'डिस्को दीवाने'बद्दल सरसकट लिहिलं जातं, ते हिंदीपुरतं ठीक आहे. मराठीत ही गोष्ट अर्धशतक जुनी होती. ना. घ. देशपांड्यांची 'रानारानात गेली बाई शीळ' ही कविता जी. एन. जोशींनी तीसच्या दशकात एचएमव्हीच्या तबकडीवर गायली आणि भावगीत घरोघर गेलं. हेच जोशी पुढे त्याच कंपनीत ध्वनिमुद्रण अधिकारी झाले. गजाननराव वाटवे चौकाचौकांत गायले. १९५५ मध्ये पुणे आकाशवाणीवरून आठवड्याला एक याप्रमाणे 'गीत रामायण' सुरू झालं तेव्हा गदिमा आणि बाबूजींना कोणत्याही नायक-नायिकेची गरज पडली नाही. मराठी घरातल्या कपाटात सिनेमाबाहेरच्या गाण्यांच्या तबकड्या मानाने ठेवलेल्या असायच्या. म्हणूनच कदाचित आपल्याकडच्या तरुणांना नाझिया-झोहेब पचायला जड गेले नाहीत. सिनेमा नसलेलं गाणं असतं, हे आम्हाला ठाऊकच होतं. नाचायचं सिनेमाबाहेरचं गाणं मात्र तोवर कोळीगीतापुरतं होतं.

या यशाचे पडसाद मुंबईच्या स्टुडिओंत लगेच उमटले. १९८२ मध्ये विनोद पांडे यांचा 'स्टार' आला. कुमार गौरव, रती अग्निहोत्री, गाणी पुन्हा बिद्दू आणि हसन भावंडांची. चित्रपट पडला, 'बूम बूम' राहिलं. त्याच वर्षी मुंबईचे वादक चरणजित सिंग यांनी रोलँड कंपनीची नवीकोरी यंत्रं, टीआर-८०८, टीबी-३०३ आणि ज्युपिटर-८, घेऊन दहा रागांची डिस्को ठेक्यावरची तबकडी एचएमव्हीसाठी केली. भैरव, ललत, यमन असे राग एकट्या माणसाने यंत्रांवर वाजवलेले. ती कोणी घेतली नाही. २०१० मध्ये एका डच संग्राहकाने ती पुन्हा काढली तेव्हा युरोप-अमेरिकेतले लोक थक्क झाले, कारण शिकागोत पुढे काही वर्षांनी जे संगीत जन्माला आलं त्याच्यासारखं हे ऐकू येत होतं. चरणजित सिंग २०१५ मध्ये मुंबईत वारले. आयुष्याच्या शेवटी का होईना, त्यांना परदेशी मंचावर ते वाजवता आलं.

आणि डिसेंबर १९८२ मध्ये 'डिस्को डान्सर'. बप्पी लाहिरींचं हे काम आता जगप्रसिद्ध आहे, म्हणून त्यावर जास्त रेंगाळत नाही; त्यातलं एकच गाणं आपल्या कामाचं आहे. 'ऑवा ऑवा' हे उषा उथुप आणि बप्पीदांच्या आवाजातलं गाणं. त्याची चाल ऐकताच 'व्हिडिओ किल्ड द रेडिओ स्टार' आठवतं, आणि आठवायलाच हवं. ट्रेव्हर हॉर्न आणि जेफ डाउन्स या बगल्स नावाच्या ब्रिटिश जोडीचं ते गाणं १९७९ मध्ये इंग्लंडात पहिल्या क्रमांकावर गेलं होतं. १ ऑगस्ट १९८१ ला अमेरिकेत एमटीव्ही सुरू झालं तेव्हा पहिली चित्रफीत त्याचीच दाखवली गेली. टीव्ही आला आणि आकाशवाणीवरच्या गायकाचे दिवस सरले, असा त्याचा आशय. मुंबईत ती चाल गायली कोणी, तर भायखळ्यात वाढलेल्या, पोलीस अधिकाऱ्याची मुलगी असलेल्या, रेडिओ सिलोन ऐकत मोठ्या झालेल्या उषाताईंनी. त्यांच्या भरदार आवाजाला हिंदी सिनेमाने बरीच वर्षं उंबऱ्यावरच ठेवलं होतं. डिस्कोने तो आत घेतला. उचललेल्या चालींबद्दल बप्पीदांना जेवढे बोल लावले गेले तेवढं श्रेय याबद्दल कोणी दिलं नाही.

बिद्दू आणि बप्पी यांच्यात मात्र फरक करायलाच हवा. एकाने लंडनमध्ये बसून स्वतःची चाल बांधली आणि ती इथे पाठवली. दुसऱ्याने लंडनहून आलेली चाल घेऊन इथल्या वादकांकडून वाजवून घेतली. पहिल्यात नवेपणा होता, दुसऱ्यात रोजगार. कारण लंडनची ती पट्ट्यांवर गाणं रचण्याची पद्धत मुंबईत आली तसं व्हायोलिनवाल्यांचं काम हळूहळू कमी झालं. ते एका दिवसात झालं नाही. नव्वदच्या दशकाच्या अखेरीपर्यंत रांगा बारीक होत होत संपल्या. ज्या गाण्यावर आम्ही नाचलो त्याच गाण्यात या वादकांच्या ओसाड दुपारीही होत्या, हे मान्य केल्याशिवाय हा इतिहास खरा होत नाही.

आता हे गाणं ज्या वाटेने घरोघर गेलं, तिच्यावरचं एक ठिकाण: ओमानमधलं रुसैल.

मस्कतहून निझवाकडे निघालं की विमानतळ मागे पडल्यावर सीबच्या आतल्या अंगाला रुसैल लागतं. भोवती बोडके, तपकिरी डोंगर. २३ जुलै १९७० ला सुलतान काबूस गादीवर आले तेव्हा ओमानमध्ये जेमतेम दहा किलोमीटर डांबरी रस्ता आणि तीन शाळा होत्या, आणि मस्कतच्या वेशीचे दरवाजे रात्री बंद होत. तेलाचा पैसा हाती येताच रस्ते, बंदर, दवाखाने, वीज असं सगळं एकदम सुरू झालं. १९८३ मध्ये रुसैलला देशातली पहिली औद्योगिक वसाहत उभी राहिली. आपल्या एमआयडीसीचाच प्रकार. जवळच सिमेंटचा कारखाना, वायूवर चालणारं वीज केंद्र. ही सगळी यंत्रं चालवायला माणसं लागत होती: फिटर, टर्नर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन, फोरमन, स्टोअरकीपर, हिशेबनीस. त्यांत केरळचे सर्वाधिक, पण ठाणे-बेलापूर, पिंपरी-चिंचवडकडचे आयटीआय झालेले मराठी तरुणही आले, आणि चिपळूण, खेड, दापोलीकडचे तर आधीपासून होतेच. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. त्यानंतर मुंबईत पोटाची सोय होईलच असं कोकणातल्या कुठल्याही घराला खात्रीने म्हणता येईना, आणि 'आखातात बघू का' हा प्रश्न जेवणाच्या पानावर यायला लागला.

बोटी बंद झाल्या होत्या, आता विमान. १९८१ मध्ये सहारचं आंतरराष्ट्रीय टर्मिनल सुरू झालं. सुटीवर येणारा माणूस तिथून बाहेर यायचा तेव्हा ट्रॉलीवर सगळ्यात वर खोक्यात टू-इन-वन असायचा. रेडिओ आणि टेप एकात. कस्टमवाल्याने तो उघडून पाहिलेला, खोक्यावर खडूची खूण. गावात तो पोहोचला की ओटीवर मांडला जायचा, वर विणलेला रुमाल, आणि पहिल्या संध्याकाळी आळीतली सगळी पोरं अंगणात. कॅसेट ही गोष्ट फिलिप्सने १९६३ मध्ये आणली असली तरी भारतात ती लोकांच्या हाती आली ती मुख्यतः सत्तरीच्या अखेरीपासून, आणि त्यात आखातातून आलेल्या यंत्रांचा वाटा फार मोठा आहे. पीटर मॅन्युएल या अमेरिकन संगीत अभ्यासकाने भारतातल्या कॅसेटच्या प्रसारावर १९९३ मध्ये पुस्तक लिहिलं, त्यात त्याने हे स्पष्ट नोंदवलं आहे. तबकडी वाजवायला ग्रामोफोन लागे, आणि तो मध्यमवर्गाच्या पुढच्या खोलीत असे. टू-इन-वन खलाशाच्या, वेल्डरच्या, पेंटरच्या घरात गेला.

'डिस्को दीवाने' याच वाटेने पसरलं. आखातात त्या काळी प्रताधिकाराचा कायदा असा नव्हताच. मस्कतच्या रुवीतल्या, सीबच्या सुकातल्या दुकानांत मूळ कॅसेटवरून भराभर प्रती निघत. वेष्टनावर छायाप्रतीचं चित्र, गाण्यांची नावं हाताने किंवा टाइप करून. एका बाजूला 'कुर्बानी', दुसऱ्या बाजूला 'डिस्को दीवाने', उरलेल्या फितीत बोनी एमचं काहीतरी किंवा गुलाम अलींची गझल. पाकिस्तानी पठाण ड्रायव्हर, केरळी मेकॅनिक आणि रत्नागिरीचा फोरमन एकाच गाडीतून साइटवर जात असतील तर तिघांना चालेल अशी कॅसेट कोणती? हिंदी-उर्दू शब्द सगळ्यांना थोडेफार कळणारे, गाणारी मुलगी कराचीची, संगीत भारतीयाचं, ठेका कोणाच्याच गावचा नाही. देशांची भांडणं मागे ठेवून ऐकता येईल असं हे गाणं होतं. मुंबई-कराची-मस्कत बोटीच्या डेकवर जी माणसं शेजारी शेजारी पथाऱ्या टाकायची, तीच आता पिकअपच्या मागच्या बाकावर होती.

ओमानमध्ये आमच्या मराठी मंडळींच्या गप्पांत जुने लोक भेटले की या कॅसेटी निघतातच. त्यांत एक तपशील पुन्हा पुन्हा ऐकायला मिळतो. गाण्यांच्या कॅसेटवरच घरची पत्रं टेप व्हायची. फोन महाग, पत्राला आठवडे लागत, आणि आईला वाचता येत नसे. मग कॅसेटच्या वरच्या कडेला असलेल्या खाचेवर चिकटपट्टी लावायची, म्हणजे तिच्यावर पुन्हा रेकॉर्ड करता येतं, आणि बोलायचं: पाऊस कसा आहे, म्हैस व्याली का, धाकट्याचा दाखला निघाला का, पैसे मिळाले का. सुटीवर जाणाऱ्या कोणाच्या तरी हातून ती गावी जायची आणि तिकडून तीच परत यायची, दुसऱ्या बाजूवर बायकोचा आवाज, मागे कोंबडा आणि रहाटाचा कुरकुराट. बोलणं संपलं की उरलेल्या फितीवरचं जुनं गाणं मध्येच सुरू व्हायचं. कित्येक घरांत नाझियाचा आवाज असा आईच्या निरोपाला जोडून आलेला आहे.

गुलशन कुमार यांनी १९८३ मध्ये सुपर कॅसेट्स ही कंपनी काढली, स्वस्त कॅसेटींचा पूर आला, आणि आखाती प्रतींची गरज कमी झाली. मराठीत प्रल्हाद शिंदे आणि पुढे आनंद-मिलिंद शिंदे ही भावंडं याच स्वस्त कॅसेटवर स्वार होऊन गावोगाव गेली. त्यांचं श्रेय आपण भक्तिगीताला, लोकगीताला देतो, ते योग्यच आहे. पण ज्या यंत्रावर ती वाजली, ते बऱ्याच घरांत आखातातून आलं होतं. मराठी सिनेमानेही डिस्कोचा ठेका आपलासा केला. १९८७ च्या 'गंमत जंमत'मधलं अरुण पौडवाल यांचं 'अश्विनी ये ना' किशोरकुमार आणि अनुराधा पौडवाल यांच्या आवाजात आजही लग्नाच्या हॉलमध्ये लागतं आणि सगळे उठतात.

हसन भावंडांनी पुढे १९८४ मध्ये 'यंग तरंग', १९८७ मध्ये 'हॉटलाइन' आणि नव्वदच्या सुरुवातीला 'कॅमेरा कॅमेरा' हे संच काढले. यांतल्या पहिल्या दोन संचांच्या वेळी पाकिस्तानात झिया उल हक यांची राजवट. मुलगी टीव्हीवर नाचत गाते हे खपवून घेणारं वातावरण नव्हतं. नाझियाने लंडनमध्ये अर्थशास्त्र आणि कायद्याचं शिक्षण घेतलं, न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांत काम केलं, आणि गाणं मागे ठेवलं. १९९५ मध्ये बिद्दूंनी अलिशा चिनॉयकडून 'मेड इन इंडिया' गाऊन घेतलं, ज्याच्या चित्रफितीतला मिलिंद सोमण शिवाजी पार्कच्या पोरांचा अभिमान झाला. ते गाणं आधी नाझियाला देऊ केलं होतं आणि मायदेशातल्या लोकांना ते रुचणार नाही म्हणून तिने नाही म्हटलं, असं सांगितलं जातं. सीमेवरच्या माणसाला गाणं निवडतानाही किती विचार करावा लागतो! १३ ऑगस्ट २००० ला लंडनमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाने तिचं निधन झालं. वय पस्तीस. २०१२ मध्ये 'स्टुडंट ऑफ द इयर'मध्ये 'डिस्को दीवाने' नव्या साजात आलं तेव्हा ते ऐकणाऱ्या पोरांचा जन्म तबकडीनंतर कितीतरी वर्षांनी झालेला होता.

तबकडीचा इतिहास लिहिला गेला आहे. बिद्दूंनी २०१० मध्ये आत्मचरित्र लिहिलं. कॅसेटवरून कॅसेट काढून ते गाणं रुसैलला, सीबला, तिथून दापोली-चिपळूणला नेणाऱ्यांचा मात्र कुठेच उल्लेख नाही, कारण त्या प्रती परवानगीशिवाय काढलेल्या होत्या, त्यांची नोंद कोणत्याच कंपनीकडे नाही आणि कोणत्याही संग्रहालयाने त्या ठेवलेल्या नाहीत. त्या आहेत त्या फक्त घरांत, माळ्यावर, पत्र्याच्या पेटीत. फितीवरचा चुंबकीय लेप दमट कोकणी हवेत बुरशी धरतो, सुटतो, आणि एकदा सुटला की आवाज गेला तो गेला. तुमच्या घरी आखातातून आलेली अशी कॅसेट असेल तर ती टाकू नका. आधी पाहा की खाचेवर चिकटपट्टी आहे का. असेल तर आत गाण्याशिवाय कोणीतरी बोललेलं असण्याची शक्यता आहे. ती कोरड्या जागी ठेवा, जाणकाराकडून डिजिटल करून घ्या, आणि वेष्टनावर लिहून ठेवा: कोणी आणली, कुठून, कोणत्या साली. घरातलं जाणतं माणूस आहे तोवरच हे विचारून घ्या.